धामणवाडीच्या अँप्लीची खरखर

केरूनानाला गोंगाट चालतो, खरखर चालत नाय. कुणाच्या घरी गेला का तो बसायच्या आधी पंख्याचं बटण लावून पाहणार. बटण चर्र वाजलं का नानाचं तोंड असं होतं, जसा कुणी त्याच्या दाढेवर खिळा घासला.

ओझरला त्याचा एक जुना सोबती वारला. नाना भेटायला गेला. सगळे माना खाली घालून बसेल होते. कोपऱ्यात टेपवर भजन लावेल होतं, आन ते मधीच खर्र करायचं, मधीच एका बाजूनं बंद पडायचं. नानानं थोडा वेळ कळ काढली. मंग उठला, टेप उचलला आन मागच्या पडवीत गेला. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला रडू आवरंना, म्हणून एकटाच मागं गेला. पण रडणारा मानूस टेप कशाला नेईल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाय. थोड्या वेळानं भजन परत सुरू झालं, काचेवानी स्वच्छ. सोबत्याची म्हातारी रडायची थांबली आन म्हणली, "किती वर्षं खरखरत होता मेला. हे जिते व्हते तव्हा का नाय आले भाऊजी तुम्ही?"

असा हा केरूनाना. मूळचा आमच्या धामणवाडीचा. विंचूरच्या अलीकडं रस्ता सोडून आत आलं का आमचं गाव. बाप कांद्यात राबला, केरू आयटीआय करून ओझरच्या विमान कारखान्यात लागला. तिथं त्याच्या हातात आली बटणं. बटणाच्या आत जिथं पितळ पितळाला टेकतं, ती जागा साफ करायची. सगळी नोकरी त्यानं तेवढंच केलं. कुणी हसलं का म्हणायचा, "विमानात बटण खरखरलं तं खाली उतरून पाहता येत नाय, बाबा."

नोकरी संपली, पण हाताची खाज काय संपली नाय. नाशिकला गंगापूर रोडला घर बांधेल होतं, वरती गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत नानानं जुने अँप्ली, रेडिओ, तबकड्यांची यंत्रं असा ढीग लावला. जुन्या बाजारात जायचा आन ज्याच्याकडं कुणी पाहत नाय तेच उचलून आणायचा. एक मात्र होतं. नाना दुरुस्ती करत नाय. यंत्र पार मेलेलं असलं का त्याला हात लावत नाय. "मेलेल्याला आंघोळ घालायला चार लोकं जमतात," तो म्हणतो. "मी जित्याला घालतो."

त्याची आंघोळ घालायची तऱ्हा ठरेल हाय. आवाजाच्या बटणाची टोपी काढायची. आत एक काळी पट्टी असते, तिच्यावरून एक बारीक पाय फिरतो, त्या पायाखाली घाण बसली का खरखर होती. तिथं औषधाचा फवारा बारीक नळीनं मारायचा, आन मंग बटण इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवीत बसायचं. चहा येतो, निवतो, नाना फिरवीतच असतो. सरकत्या बटणांना स्पिरिट आन ब्रश. पिनांना पोरांचं खोडरबर. आन तेल म्हणशील तं त्याच्यापुढं नाव काढायचं नाय. गावाकडून यंत्र आलं का नाना आधी वास घेतो. कारण आपल्याकडं काय बी करकरलं का मानूस तेल घालतो, मग ते दार असो, बैलगाडी असो का रेडिओ असो. नानाला खोबरेल सापडलं, रॉकेल सापडलं, शिवणमशीनचं तेल सापडलं. एकात तं साजूक तूप निघालं. मालकाचं म्हणणं, रेडिओ बापाचा होता, हलकं तेल घालायला जीव होईना.

हे सगळं कुसाबाई पाहत होती. कुसाबाई म्हंजे नानाची बायको. बाई कामाची, पण तोंडाला कुलूप नाय. तिला ती गच्चीची खोली पाहिजे होती. कुरडया घालायला, गाद्या ठेवायला, बहीण आली तर निजवायला. ती कुणालाही सांगायची, "आमच्या घरात दाताचा ब्रश कोणता आन रेडिओचा कोणता, काय भरवसा नाय. एक दिवस माझ्या तोंडाला स्पिरिटचा वास येऊ राह्यला. शेजारीण माळकरी. ती माझ्याशी नाकाला पदर लावून बोलली."

आता अँप्लीचं सांगतो.

धामणवाडीच्या मारुतीच्या देवळात एक अँप्ली हाय, माईकचा आवाज वाढवून भोंग्यात सोडणारा डबा. लोखंडी, निळा, दोन मानसांनी उचलावा असा. देवळाच्या कळसावर दोन भोंगे, गावाकडं तोंड करेल, तिसरा शाळेच्या पटांगणात. पाणी सुटलं, रेशन आलं, कुणाची शेळी हरवली, सगळं त्याच्यावरून. तो सांभाळतो गोटीराम. गोटीराम त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नाय. दसऱ्याला त्याची पूजा करतो. हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो, आन त्याच्याच डोक्यावर नारळ फोडतो. नारळाचं पाणी सगळं बटणांत. त्याच्यावर उदबत्तीचं काजळ. त्याच्यावर पुढल्या दसऱ्याचा नारळ. चालू-बंदचं बटण तं कव्हाच जाम होऊन गेलं, चालूवरच.

मंग गोटीराम तो बंद कसा करायचा? ते ऐका. आवाजाचं बटण फिरवता फिरवता अर्ध्याच्या जरा पुढं एक जागा होती, तिथं आवाज मरायचा. घाणीचा थर बसेल होता तिथं, दुसरं काय. पण गोटीरामाला ती देवाची कृपा वाटली. त्यानं तिथं कुंकवाचा ठिपका लावला. बटण ठिपक्यावर आणलं का अँप्ली बंद. ठिपक्यावरून काढलं का आधी खर्रर्र, मंग ठॉक, मंग गोटीरामाचं "हॅलो हॅलो, फू, फू." सगळ्या गावाला सवय. खर्रर्र झालं का बाया हातातलं भांडं खाली ठेवणार, पारावरची माणसं बोलणं थांबवणार. काही तरी सांगू राह्यले, ऐका.

सप्ताहाच्या आधी देवळात मीटिंग झाली. सरपंच दिनेश उठला. दिनेश हुशार पोऱ्हा, ट्रॅक्टरच्या धंद्यात बरं कमावलं. म्हणला, "ह्या वर्षी माझ्या वडलांच्या नावानं नवा साउंड देतो. हा डबा भंगारात घाला. महाराज म्हणत्यात एक आन लोकांना ऐकू येतंय खरखर."

नाना सप्ताहासाठी गावाला आलेला, कुसाबाई संगं. तो भिंतीला टेकून बसेल होता. म्हणला, "डब्याला काय धाड भरली? फक्त आंघोळ नाय त्याला. मी घालतो."

"नाना, जुनं ते जुनं," दिनेश म्हणला. "किती धुवाल?"

"तुझ्या बापाला बी मरेपर्यंत तुम्ही रोज धूतच होते ना? का नवा आणला?"

लोकं हसले. दिनेशला ते लागलं. पण कुसाबाईनं मधीच तोंड घातलं. बायांच्या घोळक्यातून म्हणली, "थांबा. आमच्या ह्यांना लय खात्री हे ना? मंग अट लावा. ह्या सप्ताहात डबा एकदा बी खरखरला तं डबा भंगारात, आन आमच्या गच्चीवरचा ढीग बी भंगारात. नाय खरखरला तं मी जल्मात त्या खोलीचं नाव काढणार नाय."

 गच्चीवरचा ढीग म्हंजे नानाचा सगळा जीव. पण गाव पाहू राह्यलं होतं.

"मान्य," तो म्हणला. "साक्षीला कोण?"

"मी हाय," चिमणाबाई म्हणली. चिमणाबाई सप्ताहाच्या सैपाकावरची मुख्य. सगळ्या गावाला पळी मारून सरळ करेल बाई. तिच्यापुढं सरपंच बी ताट धरून गप उभा राहतो.

नानानं अँप्ली उघडला आन पहिल्यांदा त्याच्या तोंडून शिवी गेली. आत वारूळ. नारळाच्या पाण्याची खीर, काजळाची साय, एका कोपऱ्यात झेंडूची पाकळी, अन् एक वाळेल पाल. गोटीराम शेजारी बसून राह्यला, जसं त्याच्या पोराचं पोट फाडू राह्यले.

"ती पाल राहू दे," गोटीराम म्हणला.

"का?"

"लय दिवसांची हे ती."

नानानं पाल काढली. दिवसभर धुतला, घासला, फुंकला. चालू-बंदचं जाम बटण सोडवलं. आवाजाचं बटण तं इतकं फिरवलं का पाहणाऱ्याचं मनगट दुखाय लागलं. शेवटाला ओला फडका घेऊन वरून पुसू लागला, तं गोटीराम आडवा पडला.

"ठिपक्याला हात लावायचा नाय. तो देवाचा हे."

"गोटीराम, आता ठिपक्यावर काय बंद व्हत नसतं. घाण होती ती. आता बंद करायचा असंल तं हे बटण खाली पाड."

"ठिपका मी लावेल हे. मला शिकवू नको केरू. तू विमानाचा मानूस, मी मारुतीचा."

नानानं ठिपका ठेवला. पुढचं सगळं तिथून झालं.

पहिल्या दिवशी सकाळचं कीर्तन नानानं स्वतः अँप्लीपाशी बसून पार पाडलं. भोंग्यातून महाराजांचा आवाज असा आला का शिवारातून लोकं विचारायला आले, महाराज बदलले का काय. खरखर नाय, ठॉक नाय. दिनेश खांबाला टेकून उभा होता, त्याचं तोंड उतरत गेलं. कुसाबाई टाळ्या वाजवत होती, पण मोजून.

कीर्तन संपलं. शाळेच्या पटांगणात पंगत बसली. नाना हुरूपानं वाढायला गेला, आमटीची बादली घेऊन. अँप्ली परत गोटीरामाच्या ताब्यात. गोटीरामानं रोजच्यासारखं बटण ठिपक्यावर आणलं, हात जोडले आन जेवायला गेला. देवळात कुणी नव्हतं. माईक दांडीवर होता.

पंगत रंगात आलेली. मी बी बसेल होतो. नाना माझ्या पानात आमटी वाढू राह्यला, तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून बाईचा आवाज आला, एकदम स्वच्छ, जशी कानाशी बसून बोलती.

"दिनेश, बाबा, हे तं खरखरंना रे."

नानाची पळी हवेतच राह्यली. आवाज कुसाबाईचा.

"मी बी तेच पाहू राह्यलो काकू," भोंग्यातून दिनेश. "म्हाताऱ्यानं काय घातलंय कोणास ठाऊक."

"काय घालंल, माझा ब्रश घातला असंल. आता तूच काही तरी कर. माझी खोली मोकळी झाली पाहिजे बाबा. बहीण आली का मी तिला हॉलमंदी निजवती, तिच्या उशाला भोंगा. रातीची उठती न म्हणती, ताई, मला वाटलं कुणी तोंड वासून बसलंय."

पंगतीत एक जण हसला. मंग दुसरा. मंग सगळे गप झाले, कारण पुढचं ऐकायचं होतं.

"काळजी करू नका काकू. काल्याच्या दिवशी मागून वायर जरा ढिली करून ठेवतो. महाराजांनी तोंड उघडलं का खरखर. तुमची खोली मोकळी, माझा साउंड गावात."

"कुणाला कळायचं नाय ना?"

"इथं कोण हे ऐकायला?"

सगळं गाव होतं. शिवारातल्या वस्त्या बी होत्या. भोंगा लांबवर जातो आमचा.

नाना तसाच उभा, बादली हातात. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मी त्याला नीट पाहिलं. तो कान देऊन ऐकू राह्यला होता, आन हळूच म्हणला, "कसा येतोय आवाज. पाय वाजला तरी ऐकू येतोय."

गोटीराम उठला, पण पायात पंगत, पळता येईना. तेवढ्यात कुसाबाईची गाडी पुढं सरकली. बोलता बोलता बाई जेवणावर आली.

"तू जेवला का?"

"नाय अजून. आमटी कशी हे?"

"आमटी? चिमणाबाईनं आमटीत पाणी ओतलं का पाण्यात आमटी दाखवली, देवाला ठाऊक. बुडाशी डाळ दिसली तं मला हाक मार. आन ती पळी मिरवती अशी, जशी गदा हे मारुतीची."

चिमणाबाई चुलाणापाशी उभी होती. हातात पळी. तिनं पळीकडं पाहिलं, मंग भोंग्याकडं, मंग देवळाकडं निघाली. तिच्या मागं अर्धी पंगत, उष्ट्या हातानं. गोटीराम, नाना, मी.

देवळात दोघं पायरीशी बसेल होती, माईकच्या दांडीखालीच. भोंग्यांची तोंडं गावाकडं, बोलायच्या नादात आपलाच आवाज त्यांच्या ध्यानात आला नव्हता. आम्हाला पाहून दिनेश उठला. कुसाबाईनं पदर सारखा केला आन म्हणली, "झाली का जेवणं?" तिचं ते वाक्य बी भोंग्यातून गेलं. मागं वळून तिनं भोंग्याकडं पाहिलं, मंग माईककडं, मंग नानाकडं.

"तुम्ही मुद्दाम चालू ठेवला."

"मी नाय," नाना म्हणला. "ठिपक्यानं."

"माझ्या ठिपक्याला नाव ठेवू नको," गोटीराम म्हणला. हे बी सगळं शिवारात गेलं. शेवटी नानानं बटण खाली पाडलं तव्हा कुठं गाव शांत झालं.

मंग तिथंच बैठक बसली. दिनेशला कुणी फार बोललं नाय. तो आपणच म्हणला, माझा साउंड राहू द्या, नंतर पाहू. पण लोकांना दुसरीच भीती वाटाय लागली. एक म्हातारा म्हणला, "आज कुसाबाई सापडली. उद्या मी सापडंल. देवळात बसून आपण कुणाचं काय काय बोलतो."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आन लगेच नजरा काढल्या.

"खरखर होती तं कळायचं," चिमणाबाई म्हणली. "जागा हाय का निजलाय ते. आता हा दबा धरून बसंल. माझं म्हणणं, केरू, तू त्याची खरखर परत घाल."

नानाला वाटलं चिमणाबाई थट्टा करू राह्यली.

"खरखर परत घालू?"

"व्हय. ठिपक्यावर निजला पाहिजे, उठताना खोकला पाहिजे. जसा व्हता तसा. नायतर भंगारात."

"आजवर मी घाण काढली. घातली नाय कव्हा."

"मंग आज घाल. हात तुझेच हायेत."

आन इथं कुसाबाई परत उभी राह्यली. लाज म्हणून जी गोष्ट असती, ती तिला बटणाएवढी बी नाय. म्हणली, "घाला, घाला खरखर. पण अट ध्यानात ठेवा. सप्ताहात खरखर आली का ढीग भंगारात. कुणी आणली, कशी आणली, असं काय अटीत नव्हतं."

बाई खोटं बोलत नव्हती.  खरखर घातली तं ढीग गेला. नाय घातली तं ढीग राहील, पण आत्ताच आंघोळ घालेल जिता डबा भंगारात. नाना देवळाच्या खांबाला धरून खाली बसला आन चिमणाबाईकडं पाहू लागला. सगळंच गाव चिमणाबाईकडं पाहू लागलं. साक्षीदार तीच.

चिमणाबाईनं पळी मांडीवर आडवी ठेवली. सावकाश म्हणली, "कुसा, आमटीत डाळ किती व्हती?"

कुसाबाई माईककडं पाहू लागली.

"सांग ना. भोंग्यावर सांगितलं, आता तोंडावर सांग."

"बरी होती," कुसाबाई म्हणली. "जरा पातळ. पण बरी."

"मंग ऐक. डबा आपल्या मनानं खरखरला असता तं तू जिंकली असती. गावानं सांगून घालेल खरखर, ती खरखर नाय. ती घंटा हे. केरूचा ढीग राहील. तुझी बहीण हॉलमंदी निजंल."

"हा काय न्याय झाला?"

"पातळ हे जरा," चिमणाबाई म्हणली. "पण बरा हे."

गाव हसलं. कुसाबाई बी शेवटी हसली, पण नानाशी दोन दिवस बोलली नाय, असं ती सांगती. नाना सांगतो, ते दोन दिवस लय बरे गेले.

पण खरी मजा पुढंच. नानाला घाण घालता येईना. अँप्ली उघडून बसला, बोटावर राख घेतली, परत झटकली. गोटीराम म्हणला, "नारळ फोडू का?" नाना खवळला, "पाणी आतलं पितळ खाईल. कोरडी घाण पाहिजे." मंग कांद्याच्या चाळीतली धूळ आणली. ती बी तशीच नाय घातली. धोतराच्या फडक्यातून गाळून घेतली. आम्ही पाहू राह्यलो, मानूस घाण वस्त्रगाळ करू राह्यला. चिमटीनं पट्टीवर पसरली, बटण फिरवलं, ऐकलं.

"लय खोकतो," गोटीराम म्हणला.

नानानं ब्रशानं थोडी काढली.

"आता शिंकतो. आपला शिंकत नव्हता."

अशी संध्याकाळ झाली. कोणत्या जागी किती धूळ, यावरून दोघं जणं असे भांडले, जसं पोरीच्या लग्नाचं जेवण ठरवू राह्यले. शेवटी ठिपक्यावर आवाज मेला आन ठिपका सोडताच खर्रर्र, ठॉक. गोटीरामाच्या डोळ्याला पाणी आलं. त्यानं फू फू केलं, पारावरची माणसं बोलायची थांबली, बायांनी भांडी खाली ठेवली. सांगायचं काय ते गोटीरामाला आठवंना, तं त्यानं पाणी सुटलं म्हणून सांगितलं. पाणी काय सुटलं नव्हतं. बाया हंडे घेऊन नळावर गेल्या आन शिव्या देत माघारी आल्या. पण ऐकायचं मात्र कुणी राह्यलं नाय.

सप्ताह पार पडला. नाना-कुसाबाई नाशिकला गेले. ढीग गच्चीवर तसाच हाय, त्यात आता एक तबकडीचं यंत्र वाढलंय. कुसाबाईनं कुरडया यंदा ढिगावरच वाळवल्या. म्हणती, निदान एवढा तरी उपयोग.

फक्त एक झालं. गाळलेली घाण ती. साधी घाण कशी, चिकट, बसली का पिढीजात बसती. ही कोरडी, निवडलेली. बटण फिरवून फिरवून महिना-दीड महिन्यात पट्टी आपणच साफ होती. मंग गोटीरामाचा देवळातून गंगापूर रोडला फोन येतो. मागच्या बुधवारी मी तिथंच होतो, नाना कुणाच्या तरी रेडिओला स्पिरिट लावू राह्यला होता. फोन स्पीकरवर.

"केरू, ये लवकर. आवाज परत साफ यायला लागलाय. काल संध्याकाळी दिनेश देवळात बसून तुझ्याबद्दल काय काय बोलला, सगळ्या गावानं ऐकलं."

"काय बोलला?"

"ते आल्यावर सांगतो. इथं कुणी तरी ऐकंल."